एकट्याची वाट आणि परक्यांची दारे

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीच्या काठी वसलेले असून निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणामुळे ते तालुक्याबाहेरही ओळखले जाते. या परिसराला पायी चालणे नवे नाही. आषाढीला पंढरपूरकडे आणि नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरकडे जाणाऱ्या वाटा येथील माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या पायाखालच्या आहेत. तथापि या वाटा समूहाच्या आहेत. दिंडीत चालणाऱ्याला पुढे कोण आणि मागे कोण हे ठाऊक असते, मुक्कामाचे गाव आधी ठरलेले असते आणि आजारी पडल्यास गावाकडे निरोप पोहोचवणारे कोणीतरी सोबत असते. याउलट जो माणूस एकटाच आणि दीर्घकाळासाठी घराबाहेर पडतो, तो कर्जाला कंटाळला असावा, भांडून गेला असावा किंवा त्याचे चित्त ठिकाणावर नसावे, असा तर्क गावात सहज केला जातो. आणि अलीकडे या प्रकाराला परदेशी तरुणांची किंवा शहरातील पगारदारांची चैन समजण्याचीही रीत पडली आहे. मराठी समाजाचा इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत, कारण एकट्याने केलेल्या दीर्घ प्रवासातून घडलेली माणसे या समाजात वारंवार दिसतात आणि त्या घडणीमागचे नियमही येथे फार पूर्वी सांगितले गेले आहेत.

माकणीच्या वरच्या अंगाला, तेरणेच्याच काठी, तेर हे गोरा कुंभारांचे गाव आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे मस्तक पारखून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते. कथा येथे थांबत नाही, ही बाब मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. कच्चे ठरलेले नामदेव आधी विसोबा खेचरांकडे गेले आणि पुढे, ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर, त्यांनी उत्तरेची वाट धरली, असे परंपरा सांगते. पंजाबातील घुमान येथे त्यांच्या दीर्घ वास्तव्याचे स्थान आजही पूजिले जाते, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि याच घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. पंढरीच्या महाद्वारावाचून ज्याला करमत नव्हते, त्या भक्ताने परक्या भाषेच्या प्रदेशात आपली वाणी रुजवावी, यात पक्वतेचा जो अर्थ आहे तो दीर्घ प्रवासाच्या विचाराशी थेट जोडलेला आहे.

येथे दीर्घ एकल प्रवास या शब्दांनी काय अभिप्रेत आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ठरावीक दिवसांची सहल, यात्रा कंपनीची बस किंवा दर वर्षीची वारी यांचा त्यात समावेश होत नाही. मराठवाड्यातून दर हंगामात मुकादमाची उचल घेऊन टोळीने कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड कामगारांचे स्थलांतरही त्यात मोडत नाही. ते गरजेने लादलेले असते आणि त्याला व्यक्तिविकासाचे गोंडस नाव देणे अन्यायाचे ठरेल. ज्या प्रवासात माणूस स्वेच्छेने निघतो, परतीची तारीख ठरलेली नसते किंवा ती फार दूर असते, सोबतीला ओळखीचे कोणी नसते आणि रोजचे अन्न व निवारा यांसाठी अनोळखी माणसांशी व्यवहार करावा लागतो, त्याच प्रवासाचा येथे विचार केला आहे.

अशा प्रवासाची सर्वांत जुनी शिस्तबद्ध मांडणी मराठीत महानुभाव पंथाने केली. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा लीळाचरित्र हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केला. त्याच्या पहिल्या विभागाला एकांक म्हणतात आणि त्यात स्वामी एकटे हिंडत होते त्या काळातील लीळा येतात. पुढे शिष्यांसाठी जो आचारधर्म घालून देण्यात आला, त्यात अटन म्हणजे सततची भ्रमंती, विजन म्हणजे निर्जन जागी बसणे, भिक्षा आणि नामस्मरण यांना मध्यवर्ती स्थान आहे. आपला देश, आपले गाव आणि आपले नातलग यांच्यापासून दूर राहावे, कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जावे, झाडाच्या बुंध्याशी वस्ती करावी आणि भिक्षा एकाच घरची न घेता अनेक घरांतून थोडी थोडी मागावी, असा त्या आचाराचा आशय आहे. एकाच घरी जेवणारा पाहुणा होतो, त्या घराचा आवडता किंवा नावडता ठरतो आणि हळूहळू मिंधाही होतो. अनेक दारांतून आलेले अन्न एकत्र कालवून खाणाऱ्याला चवीचा अभिमान राहत नाही आणि कोणाची मर्जीही सांभाळावी लागत नाही. ही मांडणी मोक्षासाठी केलेली आहे हे खरे. पण माणसाच्या स्वभावाविषयीचे तिच्यातील निरीक्षण इतके अचूक आहे की पंथाबाहेरच्या वाचकालाही ते उपयोगी पडावे.

आधुनिक मानवशास्त्राने हाच अनुभव वेगळ्या शब्दांत मांडला. फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये असे प्रतिपादन केले की माणूस एका सामाजिक अवस्थेतून दुसरीत जातो तेव्हा तो आधी जुन्या जागेपासून तुटतो, मग काही काळ कोठलाच नसतो आणि शेवटी नव्या नात्याने समाजात सामावला जातो. यांतील मधल्या टप्प्याचा विस्तार पुढे व्हिक्टर टर्नर यांनी केला. उंबरठ्यावर उभा असलेला माणूस घरात नसतो आणि अंगणातही नसतो, तशी ही अवस्था असल्याचे त्यांचे म्हणणे होते. या काळात हुद्दा, जात, घराणे आणि लौकिक या खुणा गळून पडतात. दीर्घकाळ एकटा हिंडणारा माणूस याच अवस्थेत राहतो, आणि ती महिनोन्‌महिने टिकते म्हणूनच तिचा परिणाम चार दिवसांच्या सहलीपेक्षा निराळा असतो.

या सर्व विवेचनाला मराठीत एक भक्कम उदाहरण उपलब्ध आहे, ते धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील सांखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण नाममात्र होते आणि तारुण्यातील वर्षे घरची नारळाची बाग सांभाळण्यात गेली होती. तुकारामांच्या गाथेने त्यांना आधार दिला आणि बालबोधमेवा या मासिकातील एका लेखाने बुद्धाच्या चरित्राची ओढ लावली. घर सोडण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. १८९९ मध्ये मात्र ते निघाले, आणि पुढची सुमारे सात वर्षे त्यांनी जो प्रवास केला त्याची नुसती यादीही आजच्या वाचकाला थक्क करील: पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता, सिंहलद्वीप म्हणजे आजची श्रीलंका, मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा उत्तर भारतातील बौद्ध क्षेत्रे आणि अखेरीस पुन्हा कलकत्ता. या सर्व वाटचालीचा वृत्तांत त्यांनी निवेदन या आत्मचरित्रात दिला असून ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रवासाकडे नीट पाहिले असता असे दिसते की प्रत्येक ठिकाणी कोसंबींना पाहिजे ते मिळाले नाही, आणि त्या न मिळण्यानेच त्यांना पुढे ढकलले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानाचे मार्गदर्शन लाभले, पण बौद्ध धर्म शिकण्याची सोय तेथे नव्हती. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी गंगाधरशास्त्री तेलंग यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. संस्कृत पक्के झाले, तरी मूळ हेतू दूरच राहिला. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत असल्याचे ऐकून ते डोंगर ओलांडून गेले आणि तेथील स्थिती पाहून निराश होऊन परतले. बुद्धगयेला आल्यावर सिंहलद्वीपाची वाट कळली. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे १९०२ मध्ये ते श्रामणेर झाले, म्हणजे भिक्षुसंघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पाली भाषेचा अभ्यास सुरू झाला, पण तेथील आहार मानवला नाही आणि प्रकृती बिघडली. ब्रह्मदेशात १९०४ मध्ये त्यांनी उपसंपदा म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा घेतली. नियोजनाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला हा क्रम फसलेल्या बेतांची मालिका वाटेल. परंतु दीर्घ प्रवासात बेत फसतो तेव्हा माणसाला घरी परतणे किंवा आणखी एका अनोळखी दारावर जाणे असे दोनच मार्ग उरतात, आणि कोसंबींनी दर वेळी दुसरा मार्ग घेतला.

भिक्षूच्या जगण्याचे तपशील येथे जवळून पाहण्यासारखे आहेत. तीन चीवरे म्हणजे भिक्षूची वस्त्रे, एक पात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके एवढ्या आठच वस्तूंना भिक्षूच्या परिष्कारांत म्हणजे निर्वाहाच्या साहित्यात मान्यता असते. सकाळी पात्र घेऊन गावात जायचे, दारापुढे काही क्षण मुकाट उभे राहायचे, मागायचे नाही, खुणावायचे नाही, पात्रात जे पडेल ते घ्यायचे, काही न पडल्यास तोंड वाकडे न करता पुढचे दार गाठायचे आणि मध्यान्हीच्या आत जेवण उरकायचे, असा नियम आहे. गोव्यातील सारस्वत ब्राह्मण कुटुंबात, सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेल्या तरुणाने परक्या देशात, भाषा येत नसताना, कोणाच्याही हातचे अन्न मुकाट्याने स्वीकारावे, यात त्याच्या जातीच्या आणि कुळाच्या अहंकाराचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. पुस्तकातून समतेचा सिद्धान्त पटणे आणि रोज सकाळी परक्याच्या दारात उभे राहून तो अंगात भिनणे, यांत फार मोठे अंतर आहे.

या भ्रमंतीने कोसंबींना विद्याही दिली, आणि ती घरी बसून मिळाली नसती. पाली ही भाषा एक असली तरी सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत आणि ब्रह्मदेशात ब्रह्मी म्हणजे बर्मी लिपीत लिहिली जाते. दोन्ही देशांच्या परंपरेत प्रत्यक्ष राहिल्यामुळे दोन्हींचे पाठ त्यांना तुलनेसाठी खुले झाले. याच बळावर ज्याच्याकडे शाळेचे प्रमाणपत्रही नव्हते असा माणूस १९१० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेला. दरम्यान १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले होते. महाराष्ट्रात राहून वर्षाला एक पुस्तक लिहावे या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊ केले, ते त्यांनी स्वीकारले; पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ पासून सहा वर्षे पाली शिकवली आणि १९४० मध्ये भगवान बुद्ध हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती दिला. सात वर्षांत जे परक्यांकडून घेतले, ते उरलेल्या आयुष्यात आपल्या माणसांना परत केले. प्रवासाने माणूस वाढला की नाही हे तपासण्यासाठी यापेक्षा चांगली कसोटी दाखवणे कठीण आहे.

मानसशास्त्रातील काही संशोधनांमुळे या जुन्या अनुभवावर नवा प्रकाश पडतो. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वकार्यक्षमतेची संकल्पना, म्हणजे अमुक काम आपल्याला जमेल हा माणसाचा स्वतःविषयीचा विश्वास, असे सांगते की हा विश्वास उपदेशाने फारसा वाढत नाही. तो प्रत्यक्ष अडचण स्वतः पार केल्याने सर्वाधिक वाढतो. एकट्या प्रवाशाची प्रत्येक संध्याकाळ अशी एक अडचण असते. २०१३ मध्ये युलिया झिमरमान आणि फ्रान्झ नायर यांनी एक हजाराहून अधिक जर्मन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशात काही काळ राहून आलेल्यांत नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा वाढलेला आणि भावनिक अस्थिरता घटलेली त्यांना आढळली, आणि या बदलामागे तेथे जुळलेली नवी नाती हे महत्त्वाचे कारण असल्याचे दिसून आले. हायो आदम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की परदेशात राहणाऱ्याला स्वतःच्या स्वभावाची आणि मूल्यांची जी स्पष्ट जाण येते, ती त्याने किती देश पालथे घातले यावर अवलंबून नसून तो किती काळ राहिला यावर अवलंबून असते. भोवतालची माणसे वेगळ्या रीतीने वागू लागली की आपले अमुक वागणे आपल्याला खरोखर पटलेले आहे की केवळ गावात तसे चालते म्हणून आपण तसे वागतो, हा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याचे उत्तर मिळायला वेळ लागतो. नकाशावर खुणा करत धावणाऱ्या प्रवाशाच्या पदरी छायाचित्रे पुष्कळ पडतात आणि बदल थोडा, याचे कारण येथे सापडते.

विदर्भातील डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगे महाराज, यांच्या आयुष्यातही बारा वर्षांचा असाच कालखंड आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या आणि मामाच्या शेतीत राबलेल्या डेबूजींनी १९०५ मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हाती खापराचे गाडगे, हीच त्यांची सगळी सामग्री होती. खाणे आणि पिणे त्याच गाडग्यात. कोणाचे लाकूड फोडून द्यावे, कोणाचे अंगण किंवा शेत साफ करावे आणि काम केल्यावरच भाकर घ्यावी, असा त्यांचा परिपाठ होता. गावोगावच्या लोकांनी कधी वेडा म्हणून हाकलले आणि कधी पोटभर जेवू घातले. भिक्षूचे मौन आणि गाडगेबाबांचे श्रम यांत फरक आहे, पण अनोळखी दारात अनोळखी म्हणून उभे राहण्याची शाळा एकच आहे. महाराष्ट्राच्या खेड्यातील घाण, सावकारी, नवससायास, दारू आणि शिवाशिव यांचे जे ज्ञान त्यांच्या कीर्तनांतून पुढे ओसंडून वाहिले, ते या बारा वर्षांत पायांनी गोळा केलेले होते. अक्षरओळख नसलेल्या माणसाजवळ समाजाविषयीची इतकी नेमकी माहिती आली कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चालण्यात आहे.

या चित्राची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. कोसंबी निघाले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होत्या. गाडगे महाराजांच्या मागे आई सखूबाई, पत्नी कुंताबाई आणि मुले होती. एकाच्या घडणीची किंमत घरातल्या दुसऱ्याने, बहुधा स्त्रीने, न विचारता मोजली. बाळाबाईंच्या त्या वर्षांचे निवेदन कोणी लिहिले नाही, आणि पुरुषांच्या भ्रमंतीचा गौरव करणाऱ्या प्रत्येक लेखकाने ही रिकामी जागा लक्षात ठेवली पाहिजे. स्त्रीने एकटीने निघणे समाजाला किती खुपत असे, याचा पुरावा आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर महाविद्यालयात, म्हणजे कलकत्त्याजवळील सेरामपूर येथे, त्यांनी जाहीर भाषण केले आणि लोक विचारत असलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. एकटी का जातेस हा त्यांतील एक प्रश्न होता. घरातील वडीलधारी आणि लहानगी पतीच्या मिळकतीवर अवलंबून असल्याने त्यांना सोबत येता येत नाही, असे सरळ उत्तर अठराव्या वर्षी भर सभेत देणारी ही मुलगी बोटीत बसण्यापूर्वीच खूप अंतर चालून गेली होती. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. आजही एकट्या मुलाला वाटेत रात्रीचा निवारा जितका सहज मिळतो तितका एकट्या मुलीला मिळत नाही, आणि हा दोष प्रवासाचा नसून वाटेवरच्या गावांचा आहे.

शिवाय केवळ निघण्याने सर्वांचेच भले होते असेही नाही. जो दुःखापासून पळण्यासाठी निघतो त्याचे दुःख बहुधा त्याच्या आधीच मुक्कामाला पोहोचलेले असते. ज्याच्या खिशात प्रत्येक अडचणीवर पैशाचा उपाय तयार असतो, त्याला परक्यांची गरजच पडत नाही आणि म्हणून त्यांची ओळखही होत नाही. मोबाईलवरून दर तासाला घरी बोलणारा माणूस तर शरीरानेच तेवढा बाहेर असतो. सुरक्षिततेसाठी रोज एकदा ठावठिकाणा कळवणे शहाणपणाचे आहे, पण त्यापलीकडचा धागा थोडा सैल सोडावा लागतो. घरच्यांची संमती, मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची तजवीज आणि परतल्यावर करायच्या कामाची अंधुक का होईना कल्पना, एवढी शिदोरी कोसंबींच्या काळापेक्षा आज बांधणे सोपे आहे आणि ती बांधलीच पाहिजे.

एकट्याचा प्रवास एकट्याच्या बळावर होत नाही, ही गोष्ट गाडगे महाराजांना सर्वांत नीट उमगली होती. बारा वर्षे ओसरीवर, देवळात आणि झाडाखाली रात्री काढलेल्या या माणसाने भ्रमंती संपल्यावर १९१७ मध्ये पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले, कारण यात्रेत अस्पृश्यांना कोणाच्याही दारात जागा नव्हती. पुढे नाशिक, आळंदी आणि देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठीही सोय झाली. तुळजापूर आणि पंढरपूरच्या वाटांवर असलेल्या माकणीसारख्या गावांना हे काम आजही करता येण्यासारखे आहे. यात्रेच्या आठवड्यात अन्नदानाचे मांडव जागोजागी पडतात, त्या औदार्याला तोड नाही. पण एरवीच्या दिवशी, एकट्याने चालत आलेल्या अनोळखी मुलाला किंवा मुलीला टेकता येईल अशी खोली सहसा नसते. ग्रामपंचायतीने किंवा देवस्थानाने समाजमंदिरातील एक खोली, आतून लागणारी कडी, दिवा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि नोंदवही एवढे वर्षभर राखावे, आणि खोलीची किल्ली गावातील एखाद्या जबाबदार बाईच्या हाती द्यावी.